आठही दिवे लागतात, तरी...



दिवाळी होऊन दहा दिवस झाले. चिवड्याच्या डब्यात आता नुसते शेंगदाणे उरलेत आणि गल्लीतली रोषणाई अजून उतरायची आहे. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय हात लावायचा नाही, असा घरातून हुकूम आहे. तेव्हा त्या दिव्यांखाली खुर्ची टाकूनच हे लिहितोय. (टायपिंगच्या चुका नातवाच्या माथी मारू नयेत, त्या माझ्याच.)

न्यू जर्सीतला माझा भाचा दिवाळीपासून नाताळपर्यंत घरावर दिव्यांचा खेळ मांडतो, हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. गाणं वाजतं आणि त्या तालावर प्रत्येक दिवा वेगळा रंग घेतो. मागच्या हिवाळ्यात तो लग्नाला आला, तेव्हा मूगवड्या आणि कुरडया न्यायला रिकामी बॅग आणली होती. येताना त्या बॅगेत एक कंट्रोलर बोर्ड आणि दोन रिसीव्हर होते. "मामा, यंदा तुमच्या गल्लीत करा," म्हणाला. नागपूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या नातवाला तेवढं निमित्त पुरलं.

आता हे प्रकरण काय आहे ते माझ्यासारख्या बी.ए. मराठी माणसाच्या भाषेत सांगतो. जुन्या माळेत सगळे दिवे एकदम लागत आणि एकदम विझत. या नव्या माळेतल्या प्रत्येक मण्याच्या पोटात एक चिमुकली चिप असते. बोर्ड एका तारेवरून सेकंदाला आठ लाख या वेगाने शून्य आणि एक पाठवत राहतो. पहिला मणी स्वतःचे चोवीस आकडे ठेवून घेतो (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी आठ) आणि उरलेले पुढच्याला देतो. दुसरा आपले चोवीस काढून तिसऱ्याकडे पाठवतो. पंगतीत पुढे सरकणारी जिलबीची परात जशी, तसंच. शंभर मण्यांची पंगत तीन हजारांश सेकंदात उठते!

अडचण येते ती बोर्डापासून पहिल्या मण्यापर्यंत. हे अंतर चार-पाच मीटरपेक्षा वाढलं की भरवसा राहत नाही. आमचा बोर्ड ओसरीवर आणि मारुतीचं देऊळ गल्लीच्या टोकाला, साठ मीटरवर. नातवाला तर देवळाचं शिखर आणि कमान उजळायची होती.

अशा वेळी तो लांब पल्ल्याचा रिसीव्हर लागतो. बोर्डाकडून देवळापर्यंत इंटरनेटची साधी केबल टाकायची. तिच्यात आठ तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पीळ दिलेल्या, म्हणजे चार जोड्या. एका जोडीवरून एक निरोप जातो. जोडीतली एक तार जे सांगते, त्याच्या बरोबर उलटं दुसरी सांगते. वाटेत बाहेरची खरखर आली तर ती दोघींवर सारखीच पडते. रिसीव्हर दोघींमधला फक्त फरक वाचतो, म्हणून खरखर आपोआप वजा होते. मग तो निरोप मण्यांना कळेल अशा एकाच तारेवरच्या बोलीत करून शेजारच्या पहिल्या मण्याच्या हाती देतो.

चंद्रपूरकरांना हे समजायला अवघड नाही. आपल्याकडची वीज १९९९ पासून भिवंडीजवळच्या पडघ्याला जाते, साडेसातशे किलोमीटर. त्या वाटेवर ती आपल्या घरातल्या विजेसारखी नसते. इथे तिचं रूप बदलतात, लांबचा प्रवास एका रूपात होतो आणि तिकडे उतरल्यावर पुन्हा घरगुती रूप देतात. दूर जायचं रूप निराळं आणि घरात वापरायचं निराळं. रिसीव्हर म्हणजे आमच्या मारुतीचं पडघा!

वसुबारसेच्या संध्याकाळी बटण दाबलं. ओसरीवरची माळ झकास. देवळाचं शिखरही दोन्ही बाजूंनी सुरेख. कमान आणि कठड्याच्या माळा मात्र अंगात आल्यासारख्या. हिरवा सांगितला की जांभळा, विझायला सांगितलं की लखलखाट. गल्लीतली पोट्टी खूश, त्यांना तेच आवडलं. नातू मात्र घामाघूम.

त्यानंतर मी त्याच्यामागे टॉर्च धरून हिंडलो आणि दोष कसा शोधतात ते पाहिलं. कुणाला उपयोग होईल म्हणून क्रमाने देतो.

आधी त्याने वीज पाहिली. देवळाजवळ पाच व्होल्टचा वेगळा एसएमपीएस बसवला होता, कारण पाच व्होल्ट साठ मीटर नेले तर वाटेतच आटतात. वीज कमी पडली तर पांढरा रंग माळेच्या शेपटाकडे तांबूस होतो. निळ्या-हिरव्याला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून ते आधी दमतात. इथे तसं नव्हतं, पहिल्या मण्यापासूनच वेड होतं. म्हणजे दोष विजेत नव्हता, निरोपात होता.

मग माळांची अदलाबदल केली. कमानीची माळ शिखराच्या एक नंबरच्या जागी लावली, तर ती शहाणी झाली. शिखराची दोन नंबरला लावली, ती वेडी झाली. म्हणजे माळा निर्दोष.

मग रिसीव्हर काढून ओसरीवर आणला आणि हातभर केबलने बोर्डाला जोडला. चारही जागा नीट चालल्या. म्हणजे रिसीव्हरही निर्दोष. उरली ती लांब केबल.

"आबा, केबल शक्यच नाही," नातू म्हणाला. "मी स्वतः क्रिंप केली आहे. हे बघा." त्याने केबलची दोन्ही टोकं टेस्टरला लावली. एक ते आठ, आठही हिरवे दिवे क्रमाने लागले. एकही चुकला नाही.

शेवटी न्यू जर्सीला व्हिडिओ कॉल लावला. भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "मामा, त्याला विचारा, तीन नंबर आणि सहा नंबरची तार एकाच पिळातली आहे का?"

नव्हती. नातवाने तारा नीटनेटक्या जोडीजोडीने लावल्या होत्या. नारिंगी, निळी, हिरवी, तपकिरी, प्रत्येक आपल्या पांढऱ्या पट्ट्याच्या बहिणीशेजारी, आणि दोन्ही टोकांना अगदी सारख्या. दिसायला छान. पण ठरलेल्या पद्धतीत चार-पाचवर एक जोडी असते आणि तिच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे तीन आणि सहावर, दुसरी. त्यामुळे मधल्या दोन निरोपांचे जोडीदार फुटले होते. एका निरोपाची एक तार निळ्या पिळात आणि दुसरी हिरव्या पिळात. हातभर अंतरावर चालून गेलं असतं, साठ मीटरवर दोन्ही निरोप एकमेकांत कालवले गेले. टेस्टर फक्त विचारतो, "या टोकाची तार त्या टोकाला पोचली का?" उत्तर आलं, पोचली. निरोप कळला का, हे त्याने विचारलंच नव्हतं.

नातवाने कपाळावर हात मारून घेतला. दोन्ही टोकं कापून नव्याने क्लिपा बसवल्या. धनत्रयोदशीला कमान उजळली.

सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी देवळाच्या पायरीवर बसून राहिलो. "आबा, बरं वाटत नाही का?" नातवाने विचारलं. तेव्हा त्याला जे सांगितलं, ते आज इथे लिहितो. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

१९७५ साल. गडचिरोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता (तो १९८२ चा), सगळा चंद्रपूर जिल्हाच. एटापल्लीच्या पलीकडे एका निवासी शाळेत मी नोकरीला होतो. वय पंचवीस. सहावीला मराठी आणि इतिहास शिकवायचो. मुलं बहुतेक माडिया. माडिया ही गोंडीच्या नात्यातली, द्रविड कुळातली बोली. मराठीशी तिचं काही नातं नाही. आणि मी तास घ्यायचो तो पुस्तकी मराठीत, वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवल्याच्या थाटात. धडा संपला की विचारायचो, "समजलं का?" सगळा वर्ग एका सुरात, "हो गुरुजी!"

आठही दिवे हिरवे.

मागच्या रांगेत एक मुलगा होता. सारखा पुटपुटायचा. मी पाठ केली की कुजबूज, फळ्याकडून वळलो की गप्प. दोनदा रागावलो, तिसऱ्यांदा कान धरला. शेवटी त्याला वर्गाबाहेर व्हरांड्याच्या खांबाजवळ उभं केलं. एक दिवस नाही, आठ दिवस, माझ्या प्रत्येक तासाला. तो मुकाट उभा राहायचा. त्या आठवड्यात मागच्या तीन रांगांच्या पाट्या कोऱ्या आल्या. मी म्हटलं, खोडकर पोरगा बाहेर आहे तरी यांचं लक्ष नाही, ही मुलंच मंद!

दिवाळीच्या सुट्टीत मुलं घरी गेली. परतली तेव्हा तो आला नाही. पुढे कधीतरी वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंनी मला भात वाढता वाढता सहज सांगितलं, "गुरुजी, तो पोरगा गप्पा नव्हता करत जी. तुमचं बोलणं बाकीच्याईले माडियात सांगत होता."

त्या सगळ्या वर्गात माझं म्हणणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणारा तो एकटा होता, आणि त्यालाच मी काढून बाहेर ठेवलं होतं.

नातू बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग तुम्ही आणायला गेलात त्याला?"

हाच प्रश्न मला पन्नास वर्षं नको होता. नाही गेलो. त्याचं गाव जंगलवाटेने तीन-साडेतीन तासांवर होतं. पाऊस सरला होता, वाट मोकळी होती. पुढच्या रविवारी जाऊ, असं म्हणत राहिलो. मग परीक्षा आल्या. पुढल्या वर्षी माझी बदली झाली. आपण कुणाचं तरी नुकसान केलंय हे कळलं होतं, पण ते त्याच्या दारात जाऊन कबूल करायचं धैर्य नव्हतं, इतकंच खरं. २००८ साली निवृत्त झालो तेव्हा सत्काराच्या भाषणांत 'शेवटच्या विद्यार्थ्यापर्यंत पोचणारे गुरुजी' असं कुणीतरी म्हणालं. मी शाल सावरत हसलो.

त्यानंतरच्या शाळांत मी एक सवय लावून घेतली होती. "समजलं का?" विचारणं सोडलं. मागच्या बाकावरच्या एखाद्याला उठवून म्हणायचो, "तुझ्या घरच्या बोलीत सांग बरं." काही वेळा मला त्यातलं अक्षर कळायचं नाही, पण बाकीच्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं. आता तर २०२० च्या शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत जमेल तिथे घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलंय. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने त्याच्याही आधी, २०१९ मध्ये, गोंडीतून शिकवणारी शाळा सुरू केली. वाचून बरं वाटलं. पण माझ्या त्या मुलाच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. आज तो असेल तर साठीच्या पुढे असेल.

असो. दिव्यांचं राहिलं. पुढच्या वर्षी कुणी करणार असाल तर चार गोष्टी सांगून ठेवतो. केबल शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते पण लांबवर दगा देते. रिसीव्हरची क्लिप इंटरनेटसारखीच दिसते म्हणून राउटरला खुपसू नका, दोन्ही जळू शकतात. उघड्यावरचा रिसीव्हर आणि एसएमपीएस झाकणाच्या डब्यात ठेवा आणि मेन लाइनवर ईएलसीबी असू द्या, पोरं आसपास खेळत असतात. आणि काही बिघडलं तर एका वेळी एकच वस्तू बदलून बघा. जी गप्प आहे किंवा वेड्यासारखी वागते तिच्यातच दोष असेल, असं धरून चालू नका.

नातू परवा नागपूरला गेला. जाताना विचारत होता, "आबा, त्या गावाचं नाव आठवतं का?"

आठवतं. आता तिथवर गाडी जाते म्हणतात. जानेवारीत सुट्टी आहे त्याला. जाऊ म्हणतो. या वेळी पुढच्या रविवारी म्हणत नाही, तारीख ठरवली आहे. तो तिथे भेटेल की नाही माहीत नाही, पण गेल्यावर इथे लिहीन.

बाकी सर्व कुशल. तुळशीच्या लग्नाला या, देवळाची कमान तोवर चालू आहे.