गाडीचे इंजिन आणि घरची वही

आमच्या मानोरा तालुक्यात मोठा कारखाना नाही. सोयाबीन, तूर, कापूस पिकतो आणि तो कारंजा, दिग्रसच्या बाजाराला न्यावा लागतो. म्हणून समाजातल्या ज्या तरुणाच्या हाती थोडेफार कर्ज आले, त्याने बहुधा चाके असलेली वस्तूच घेतली. कोणी ऑटो, कोणी टाटाची ४०७. ज्यांच्या बापजाद्यांनी स्वतःची बैलगाडीसुद्धा पाहिली नाही, त्यांच्या दारात मालकीची गाडी उभी राहिली. काचेवर 'जयभीम' लिहिले गेले. त्यामुळे अशी गाडी बंद पडली की नुसता धंदा थांबत नाही, घराची मान खाली गेल्यासारखे वाटते. आणि या वाटण्यापायीच माणूस घाईने भलते इंजिन घेऊन बसतो.

आमच्या घरची ४०७ ही २०१२ सालची. धाकटा भाऊ ती चालवतो, हिशेबाची वही आम्ही लिहितो. २०२३ साली सोयाबीनचा हंगाम तोंडावर आला असताना कारंजा रस्त्यावर तिच्या पोटात ठोके पडू लागले आणि गाडी बाजूला घेईपर्यंत मोठा आवाज होऊन सारे शांत झाले. माल दुसऱ्या गाडीत भरून देऊन भावाने ती टोचन करून आणली. मिस्त्रीने चेंबर उघडले. ऑइल पंप निकामी झालेला, त्यामुळे बेअरिंगला तेल मिळाले नाही, कनेक्टिंग रॉड मोडला आणि त्याने ब्लॉकला भोक पाडले.

नेहमीचे इंजिनकाम निघाले असते तर प्रश्न सोपा होता. लायनर, पिस्टन, रिंगा बदलायच्या, क्रँक ग्राइंडिंगला टाकायचा, हेडचे व्हॉल्व्ह बसवायचे की गाडी रस्त्यावर. परंतु ब्लॉकच फुटला की बांधायचे तरी काय? फुटक्या ब्लॉकला वेल्डिंग करून चालवणारे लोक आहेत. आमच्या मिस्त्रीने मात्र तेलाचा हात पुसत सरळ नाही म्हटले.

मग सल्ले देणारे जमले. एकाने मोठे इंजिन टाकायचे सुचवले, म्हणजे जास्त माल ओढता येईल. इंजिन मोठे झाले तरी ब्रेक, पाटे, गिअरबॉक्स जुन्याच ताकदीचे राहतात हे त्याच्या लक्षात नव्हते. शिवाय कंपनीने जी गाडी जशी बनवली त्याच्याशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, असे मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. २०२० पासूनच्या बी.एस. ६ गाडीचे इंजिन बसवावे असेही कोणी म्हणाला. त्या इंजिनामागे कॉम्प्युटर, वायरिंग आणि धूर गाळणारी सगळी यंत्रणा असते. ती जुन्या गाडीत उभी करायची म्हणजे घोंगडीपेक्षा ठिगळ महाग.

खरा मोह दुसराच होता. एक दलाल घरी आला. भंगार बाजारातले, अगदी याच जातीचे इंजिन पंचावन्न हजारांत देतो म्हणाला. कागद? "कागदाचं काय घेऊन बसले साहेब, नंबर घासून तुमचाच ठोकून देतो, आरटीओच्या बापाला कळत नाही." इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच नोंदणी पुस्तकात असतो. त्यामुळे ब्लॉक बदलला की कायद्याच्या लेखी इंजिन बदलले. बिनकागदाचे इंजिन कोणाच्या गाडीतून निघाले, ती गाडी विकली होती की चोरली होती, हे कोण सांगणार? भाऊ गप्प होता. हंगामाचा एकेक दिवस त्याला बोचत होता आणि पंचावन्न हजार हा आकडा त्याच्या आवाक्यातला होता. आम्ही त्याला एवढेच म्हटले, "अरे, दर रविवारी विहारात आपण अदिन्नादानाचे शील घेतो. ते काय घरी येताना विहाराच्या पायरीवर ठेवून यायचे?" दलाल चहा पिऊन गेला.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. मिलिंद राजाने भंते नागसेनांना प्रश्न केले तेव्हा भंतेंनी त्यालाच विचारले, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? राजाला कोणत्याही एका भागावर बोट ठेवता आले नाही. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजला मिलिंदाचे नाव दिले आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. आमच्या भावाची मुलगी अकरावीत आहे. तिने विचारले, "मोठे बाबा, इंजिन बदललं तर आपली गाडी तीच राहते का?" परिवहन खात्याने यावर मोठे व्यवहारी उत्तर काढले आहे. चेसिस नंबर तो राहिला तर गाडी ती. इंजिनाचा नंबर बदलला तर पुस्तकात नोंद करा.

आता वहीकडे येऊ. भावाचा मुद्दा असा की दोनच महिन्यांपूर्वी चार टायर नवे टाकले, बॉडीला रंग दिला, एवढा खर्च केलेली गाडी सोडायची कशी? बी.कॉम.ला शिकलेली एक गोष्ट आयुष्यभर उपयोगी पडली. जो पैसा गेला तो पुढच्या निर्णयात धरायचा नाही. पुढे किती लागणार आणि पुढे किती येणार, एवढेच पाहायचे. बंद गाडीला गिऱ्हाईक एक लाख तीस हजार देत होते. चालू स्थितीत तिला तीन लाखांच्या आसपास भाव होता. कागदपत्रांसह मिळणारे त्याच जातीचे इंजिन पंच्याण्णव हजार, बसवणूक, क्लच प्लेट, ऑइल, टोचन धरून पंचवीस हजार. म्हणजे एक लाख वीस हजार घालून गाडीची किंमत एक लाख सत्तर हजाराने वाढत होती. उद्या विकायची ठरली तरी घाटा नव्हता.

चालवायची तर किती वर्षे, हाही प्रश्न होताच. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावे लागते आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. म्हणून २०२७ पर्यंतचेच हंगाम आम्ही धरले. त्यात इंजिनाचे पैसे फिटून भावाची मजुरी सुटत होती. चेसिसला गंज नव्हता, गिअरबॉक्स ठीक होता. यांतले एक जरी खराब असते तर आम्ही विकाच म्हटले असते, काचेवर काहीही लिहिलेले असो.

पैसा आणायचा कोठून? भावाच्या डोक्यात सावकार होता, माय आपली पोत सोडून देऊ लागली. धाकटी सून तोपर्यंत भाकरी थापत ऐकत होती. ती म्हणाली, "दादा, सावकाराचं व्याज अन् गाडीचं डिझेल, दोन्ही एकाच फेरीतून निघन का?" कोणाजवळ उत्तर नव्हते. तिच्या बचत गटातून साठ हजार शेकडा एक रुपयाने मिळाले, बाकीचे आम्ही सोसायटीतून काढले. माय पोत घालूनच राहिली. पुतणीच्या शिक्षणाच्या पैशाला हात लावायचा नाही, हे मात्र चर्चेआधीच ठरलेले होते.

इंजिन पाहायला आम्ही मिस्त्रीला सोबत घेऊन अकोल्याला गेलो. विकणाऱ्याने ते आधीच गरम करून ठेवले होते. मिस्त्रीने थंड होऊ दिले, मग सुरू करायला लावले. तेल ओतायचे झाकण काढून तिथून धूर किती फेकतो ते पाहिले, ऑइलची पट्टी बोटांत चोळून पाणी मिसळले आहे का पाहिले, प्रेशर मीटर लावला, क्रँक पुढे-मागे हलवून ढिलाई पाहिली. या कामाला दुपार गेली. ज्या गाडीतून ते काढले तिची कागदपत्रे आणि पक्के बिल हातात आल्यावरच पैसे दिले. बसवताना मिस्त्रीने ऑइल कूलर आणि टर्बोची नळी साफ करवून घेतली. जुन्या बेअरिंगचा लोखंडी चुरा तिथे अडकून राहतो आणि नव्या इंजिनाचाही घास घेतो.

वाशिमच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात मंजुरीचा अर्ज आधीच दिला होता. इंजिन बसल्यावर १४ दिवसांच्या आत गाडी दाखवून नवा नंबर पुस्तकात चढवला, विमा कंपनीलाही कळवले. यात भावाचे तीन दिवस गेले आणि तो कुरकुरला. अपघात झाला आणि इंजिनाचा नंबर जुळला नाही तर विमेवाले आधी त्यावरच बोट ठेवतात, हे सांगितल्यावर गप्प झाला.

गाडी सोयाबीनच्या अर्ध्या हंगामाला मुकली. कापूस मात्र तिनेच वाहिला. बचत गटाचा हप्ता सून दर महिन्याला भावाकडून भाड्याच्या पैशातून आधी काढून घेते, मग घरखर्च. फुटका ब्लॉक अजून आमच्या अंगणात पडून आहे. भंगारवाला तीनदा येऊन गेला, परंतु तो किलोमागे जो भाव सांगतो तो मायला पटत नाही.