बालाघाटाच्या माळावर

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून एस.टी. वर आली की बालाघाटाचे पठार सुरू होते. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मांजरा नदी याच डोंगरात उगम पावते, पण इथल्या माणसाला दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला खाली उतरावे लागते. यंदा भाद्रपदात मावशीच्या गावी दोन दिवस राहिलो आणि हा डोंगर पायाखाली घातला.

सकाळी मावशी चार शेळ्या घेऊन गायरानाकडे निघाली, मी तिच्यामागे. बुद्धवाडा संपला की लगेच चढ लागतो. वर पोचल्यावर मात्र डोळे निवले. गुडघाभर पवन्या, मारवेल वाऱ्यावर लवत होती, मधून सीताफळाची झुडपे, कडेला हिवर, बोरी. चंडोल अगदी पायाजवळून भुर्रकन उठायचे. पलीकडच्या उतारावर धनगर बांधवांची मेंढरे होती.

गवतातले मावशीला जे कळते ते ऐकत राहावे. पवन्या, मारवेल ही गोड गवते जनावर आधी खाते. बी पडायच्या आत ती ओरबाडली गेली तर काही वर्षांत दिसेनाशी होतात आणि कुसळी माजते. तिची कुसे मेंढराच्या लोकरीत, कातड्यात रुततात. कुसळीही संपली की उरतो उघडा मुरूम, मग पाऊस माती घेऊन जातो.

म्हणून गावाने ठरवले आहे, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वरचा अर्धा माळ बंद, खालचा मोकळा. पुढच्या वर्षी अदलाबदल. म्हणजे नेमका आपला वर्षावास! पावसाळ्यात कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून भगवंतांनी भिक्खूंना एका जागी राहायला सांगितले, ते मला तिथे आठवले. बी झडल्यावर आधी विळा चालतो, मग जनावर आत जाते. पहिला भारा ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा, कारण मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांना शेळ्या जगवायच्या असतात.

हे सहज झाले नाही. पूर्वी इथे झाडे लावायची म्हणून चर खणले आणि शेळ्यांना बंदी घातली. ज्यांच्या बांधावर चारा होता त्यांचे काही अडले नाही. "आमी शेळ्या इकल्या, बाबा," मावशी म्हणाली, "अन् झाडं बी वाळली." पुढच्या खेपेला बुद्धवाड्यातल्या बाया ग्रामसभेत जाऊन बसल्या, तेव्हा कुठे ही वाटणी झाली.

माळाच्या खालच्या टोकाला मावशीची दोन एकर बाजरी आहे, तीही गायरानातच. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन ६ डिसेंबर १९६४ पासून लाखो भूमिहीन तुरुंगात गेले, त्यांत तिचे सासरे होते. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ च्या नोव्हेंबरात निघाला. सातबारा तिला अजून मिळालेला नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितले. भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्याच निकालात आहे, पण नोटीस घेऊन येणारा तो वाचून दाखवत नाही. आता सौर प्रकल्पांनाही गायराने दिली जात आहेत. गवत राखणारी आणि बाजरी पेरणारी माणसे इथे एकच आहेत, हे कागदावर कोणत्या रकान्यात लिहिणार?

संध्याकाळी मावशीने पत्र्याची पेटी उघडली. अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या, गाव नमुना १-ई चा उतारा, सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधलेले. हा दंडच तिच्या कसण्याचा पुरावा. सर्वांत जुन्या पावतीची शाई पुसत चालली होती.

"बीडला उतरलास की हिच्या चार झेरॉक्स काढ," ती म्हणाली, "अन् एक तुझ्याकडं ठिव."