ई-रीडर की टॅब? आधी रिक्वायरमेंट लिहा!

‘टॅबच घे गं! वाचताही येतं, पिक्चरही बघता येतो, नोट्सही काढता येतात. ई-रीडरवर काय, नुसतंच वाचायचं?’ इंटर्नशिपचं स्टायपेंड हातात आल्यापासून हॉस्टेलच्या आमच्या विंगमधल्या प्रत्येकीने मला हा सल्ला फुकटात दिला. पैसे एकाच वस्तूपुरते होते. वाचणाऱ्या मात्र दोघी होत्या. एक मी आणि दुसरी माझी आजी.

आजी आमच्या गावातल्या वाचनालयाची जुनी सभासद. दर आठवड्याला पिशवीतून दोन पुस्तकं जायची, दोन यायची. दोन वर्षांपूर्वी नजर अधू झाली. चष्म्याचा नंबर बदलून आता फारसा फरक पडणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. भिंग धरून ती पेपरातले मथळे वाचते, पण अडीचशे पानी कादंबरीवर भिंग फिरवायचं म्हणजे हात भरून येतो. हळूहळू पुस्तकं यायची बंद झाली. तक्रार नाही, काही नाही. ‘झालं की आता पुष्कळ वाचून,’ एवढंच म्हणाली. ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना.

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पेपरात आपण सगळेच लिहितो की आधी रिक्वायरमेंट, मग डिझाइन. मार्क मिळाले की विसरतो, ही गोष्ट वेगळी! यावेळी म्हटलं, खरंच करून बघू. जर्नलच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. एक माझा, एक आजीचा.

माझ्या रकान्यात आलं ते असं : रेफरन्स बुकांच्या पीडीएफ, रिसर्च पेपर, सर्किट आणि ग्राफ. इथे साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. ए-फोर पानाची रुंदी २१ सेंटिमीटर. सहा इंची ई-रीडरचा पडदा जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद. म्हणजे अख्खं पान बसवलं की १० पॉइंटचं अक्षर साधारण सव्वाचार पॉइंटचं होतं. मुंगीच! दहा इंची टॅबवर तेच अक्षर सात पॉइंटच्या आसपास राहतं, शिवाय रंग दिसतात. रंगीत ई-पेपरही आता मिळतो, पण त्यात काळ्या-पांढऱ्या मजकुराला इंचाला ३०० ठिपके असतात, तर रंगांना बहुधा १५०. माझ्या रकान्यात टॅब जिंकला. पण थांबा, पीडीएफ वाचायला माझ्याकडे लॅपटॉप आहेच की!

आजीचा रकाना वेगळा निघाला : मोठं अक्षर, हलकं वजन, दुपारच्या उजेडात ओट्यावर बसून तास-दीड तास वाचन. सहा इंची ई-रीडर साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅमचा. दहा इंची टॅब साडेचारशे-पाचशे ग्रॅमचा. हात भरून येणाऱ्या माणसाला हा फरक कळतो.

आता जरा थिअरी. टॅबच्या पडद्यामागे दिवा असतो आणि चित्र सेकंदाला ६० वेळा किंवा त्याहूनही जास्त नव्याने उमटतं. ई-इंकमध्ये केसाच्या जाडीच्या लक्षावधी कुप्या असतात. त्यांत पारदर्शक द्रव, पांढरे कण आणि त्यांच्या विरुद्ध विद्युतभाराचे काळे कण. विद्युतक्षेत्र दिलं की हवे ते कण वर येतात आणि वीज बंद केली तरी तिथेच राहतात. म्हणून बॅटरी आठवडे-आठवडे पुरते. पान दिसतं ते त्याच्यावर पडणाऱ्या उजेडाने, अगदी कागदासारखं. ही कल्पना एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये आकाराला आली आणि १९९७ साली त्यातून ई-इंक कंपनी निघाली.

थिअरीनंतर टेस्टिंग हवंच. दिवाळीच्या सुट्टीत रूममेटचा टॅब आणि एका सीनियरचा ई-रीडर मागून घरी नेले. दोन्हींवर एकच पुस्तक मोठ्या अक्षरात लावलं. रात्री घरात टॅबचं पान जास्त पांढरंशुभ्र दिसलं, हे कबूल करायला हवं. ई-रीडरचा कागद थोडा करडाच. पण दुपारी ओट्यावर आजीने टॅब हातात घेतला आणि म्हणाली, ‘अगं, ह्यात माझंच तोंड दिसतंय!’ तेवढ्यात तिचा अंगठा कुठेतरी टेकला आणि कुठलीशी जाहिरात वाजायला लागली. तिने तो निखारा टाकावा तसा माझ्याकडे दिला. ई-रीडरवर मात्र पान उलटायच्या आधी सवयीने बोट जिभेला लावलं आणि वाचत बसली. ओळीत तीन-चारच शब्द मावत होते, पण भिंग बाजूला होतं.

आणखी एक मेख सांगते. मराठी पुस्तकांच्या कितीतरी पीडीएफ स्कॅन केलेल्या किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या असतात. त्यांत अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळत नाहीत, पानच डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. ई-पब असेल तर ओळी आपोआप मोडून बसतात. म्हणून यंत्र घेण्याआधी पुस्तकांची यादी करा आणि ती कुठल्या फॉरमॅटमध्ये मिळतात ते बघा. मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं ई-पबमध्ये उतरवून घेता येतात, तीही फुकट. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं आहे. नव्या कादंबऱ्या विकत घ्याव्या लागतात, आणि आजीच्या यादीतल्या निम्म्या अजून ई-बुक म्हणून मिळालेल्याच नाहीत. ती अडचण आहेच.

शेवटी ई-रीडर घेतला. तो गावी आजीच्या उशाशी असतो, माझ्या पीडीएफ लॅपटॉपवर सुखात आहेत. विंगमधल्या मुली अजूनही म्हणतात, ‘तुझ्या पैशाचं तुला काय मिळालं?’ परवा फोनवर आजीने माझी परीक्षा कशी गेली हे विचारायच्या आधीच सांगितलं, ‘ह्यातलं संपलं हं, दुसरं कधी टाकतेस?’

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, कट्ट्यावर रॅम आणि मेगापिक्सेलवर जरूर भांडा. पण त्याआधी, तुमच्या घरात कुणाचं वाचन गुपचूप बंद पडलंय का, एवढं एकदा विचारून बघा.