तलवारीची व्हायवा

आपल्या हॉस्टेलात छंद म्हटलं की क्रिकेट, कॅरम आणि झोप एवढेच धरले जातात. माझा चौथा आहे. मी जुन्या तलवारींच्या मुठी जमवतो. नुसत्या मुठी! नऊ इंचांपेक्षा लांब पातं म्हटलं की शस्त्र कायदा आठवावा लागतो, आणि त्याच्या आधी रेक्टर सर आठवतात. माझ्या संग्रहात सध्या अडीच वस्तू आहेत. दोन मुठी आणि म्यानाच्या टोकाची एक चेपलेली तहनाळ. ती अर्धी.

सुरुवात मात्र जपानी तलवारीपासून झाली. आमचा रूम पार्टनर साडेचार हजारांत 'ओरिजिनल कटाना' मागवायला निघाला होता. फोटोत धारेलगत लाटेसारखी पांढरट रेघ दिसत होती. तिला जपानीत 'हामोन' म्हणतात. ही रेघ म्हणजे नक्षी नव्हे, हीट ट्रीटमेंटची खूण आहे. लोहार पात्याच्या पाठीला मातीचा जाड लेप देतो, धारेला पातळ, आणि तापवून पाण्यात बुडवतो. धार झटकन थंड होते, तिथे मार्टेन्साइट तयार होतं. पाठ सावकाश थंड होते, ती चिवट राहते. ज्या टीटीटी डायग्रामने सेकंड इयरला आपल्याला रडवलं, तो या लोहारांनी कागदावर न काढताच शतकानुशतकं वापरला. स्वस्त कटानावर तीच लाट अ‍ॅसिडने किंवा वायर ब्रशने उमटवतात. खरी रेघ पोलादाच्या आतली असते. पातं उजेडात तिरकं धरलं की तिच्यात बारीक चमकते कण दिसतात. खोटी रेघ कशीही फिरवा, मठ्ठच.

जपानी पारखी आणखी एक जागा बघतो. मुठीतली बांबूची खुंटी काढली की मूठ सुटते आणि आतली पात्याची शेपटी उघडी पडते. तिच्यावरचा काळपट गंज कोणी पुसत नाही, कारण तलवारीचं वय तिथे कळतं. तिथेच कारागिराची सही असते, पण सहीवर भरवसा कमी! नामांकित लोहारांच्या खोट्या सह्या तिकडे इतकी शतकं मारल्या गेल्या की अशा सहीला 'गिमेइ' असा वेगळा शब्दच आहे.

हे वाचलं आणि वाटलं, मग आपल्या तलवारींचं काय? आपल्याकडे मूठ सुटत नाही. पात्याची शेपटी मुठीत लाख ओतून पक्की केलेली असते. म्हणजे पेपरातला सर्वांत सोपा प्रश्नच ऑप्शनला. नावांचं म्हणाल तर तिथेही गोंधळ जुनाच. मराठ्यांची फिरंग म्हणजे युरोपातून आलेलं पातं आणि आपल्याकडची मूठ. त्या पात्यांवर 'आंद्रेया फेरारा' हे इटालियन नाव पुष्कळदा सापडतं, पण जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारागीर ते नाव सर्रास मारत. पासाऊ गावाची धावत्या लांडग्याची खूणही त्यांनी उचलली. म्हणजे तीनशे वर्षांच्या अस्सल पात्यावरही नाव खोटं असू शकतं.

ही सगळी थिअरी. प्रॅक्टिकल झालं ते आमच्या दिघाशीला.

आमच्या भिवंडी तालुक्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली. आमच्या काकांनीही जमीन विकली. बंगला झाला, गाडी आली. दसऱ्याच्या सुट्टीत घरी गेलो तर हॉलमध्ये टेबलावर मखमलीत गुंडाळलेली तलवार! एक माणूस आठ दिवसांच्या बोलीवर ठेवून गेला होता. किंमत एक लाख वीस हजार.

"बग रं," काका म्हणाले, "तू मेकॅनिकलचा ना? चिमाजीअप्पांच्या फौजेतली हाय. वसईच्या लढाईतली."

कथा मोठी बेमालूम होती. वसई १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतली. विजयासाठी त्यांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला होता आणि ते देऊळ आमच्याच तालुक्यात आहे. मग तलवारही इथेच राहिली असेल, नाही का? विकणारा हुशार होता. त्याने आम्हाला इतिहास विकला नाही, आमचा पत्ताच आम्हाला विकायला आणला.

मी बॅगेतून व्हर्नियर काढला. काकू हसल्या, पण चहा ठेवला.

पहिलं माप जाडीचं. जुनं घडीव पातं मुठीजवळ जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं, म्हणून ते हातात हलकं लागतं. हे मुठीजवळ पाच मिलिमीटर आणि टोकाजवळही पाच! म्हणजे पत्र्याची पट्टी कापून ग्राइंडरवर घासलेली. भिंग लावलं तर ग्राइंडरच्या समांतर रेघा दिसत होत्या, आणि गंज त्या रेघांच्या वर बसलेला. गंजही नारिंगी, बोटाला लागणारा, सगळीकडे सारखा. जुना गंज काळपट-तपकिरी असतो, घट्ट असतो आणि वाटेल तिथे कमीजास्त असतो. अ‍ॅसिड आणि मिठाच्या पाण्याने आठवड्यात आणलेला गंज असा एकसारखा येतो.

मग मूठ. परजेवर वरपासून खालपर्यंत साच्याची शिवण. कास्टिंगच्या प्रॅक्टिकलला आपण जी घासून काढतो तीच. पातं मुठीत शिरतं तिथे लाखेचा मागमूस नाही, उलट वेल्डिंगचे दोन बारीक थेंब. पात्यावर लाकडासारखी लहरदार नक्षी होती. अस्सल जौहरदार पोलादात, ज्याला जग वूट्झ म्हणतं, कार्बन साधारण दीड टक्का असतो आणि नक्षी आतल्या कार्बाइडच्या थरांची असते. धारेला खवडा पडला तर नक्षी खवड्यातही उतरते. इथे खवड्यात कोरं लोखंड, आणि तीच लहर दर चार बोटांवर पुन्हा छापलेली.

शेवटी लेख. पात्यावर पितळ भरलेल्या अक्षरांत 'छत्रपती शिवाजी महाराज १६७४'. अहो, त्या काळात आपल्याकडे शक लिहीत, इसवी सन नव्हे! रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावात सुमारे सत्तेचाळीस लाखांना घेऊन परत आणली. तिचं पातं युरोपचं, आणि पाठीवर सोन्याच्या अक्षरांत मालकाचं नाव आणि 'फिरंग' हा शब्द. खरी वस्तू स्वतःचं नाव इतक्या साधेपणाने सांगते.

काका गप्प झाले. मला वाटलं एक लाख वीस हजारांची हळहळ असेल. तसं नव्हतं. म्हणाले, "जमीन गेली तवा नांगर, विळे, कोयते समदं भंगारात दिलं. दसऱ्याला पुजायला घरात लोखंडच नाय रं."

यावर व्हर्नियरकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "काका, खोटी नको असं मी म्हणत नाही. शोभेची तलवार दोन हजारांत मिळते, ती शोभेची म्हणूनच घ्या. पण त्याला फोन करून एवढंच सांगा की बिलावर 'शंभर वर्षांहून जुनी' असं लिहून दे." १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरते. ती विकायचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती परदेशात नेता येत नाही.

काकांनी स्पीकर लावला. पलीकडून उत्तर आलं, "साहेब, बिलावर 'शोभेची वस्तू' लिहितो ना. कागदाचं काय घेऊन बसलात!"

माझी पाऊण तासाची तपासणी एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला. दुसऱ्या दिवशी तलवार परत गेली. दसऱ्याला काकांनी शेजाऱ्याकडून एक जुना विळा मागून आणला, पूजा केली आणि परत दिला. यंदा स्वतःचा घेणार म्हणतात.

तर नवशिक्या संग्राहकांनो, खर्च करण्याआधी डोळा तयार करा. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा पुण्याचं केळकर संग्रहालय गाठा आणि खऱ्या तलवारींपुढे तासभर नुसतं उभं राहा. गंजाचा रंग, मुठीचा आकार, पात्याचा उतार बघा. पन्नास खऱ्या पाहिल्या की एकावन्नावी खोटी आपोआप खटकते. जुनी वस्तू हाती आलीच तर ब्रासो आणि सॅंडपेपर लांब ठेवा, चकचकीत करण्याच्या नादात तिचं वयच पुसलं जातं. विकणाऱ्याची कथा जरूर ऐका, कथा फुकट असते. पैसे मात्र लोखंडाचे द्या.

आणि कोणाच्या घरी अशी मखमल उलगडली गेली असेल तर सुट्टीनंतर फोटो घेऊन माझ्या खोलीवर या. व्हर्नियर माझा, चहा तुमचा.

— तृतीय वर्ष, यंत्र विभाग