हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची?

आमच्या पतसंस्थेच्या दोन संगणकांच्या हार्ड डिस्क बदलायचे ठरले आणि बैठकीत वाद पेटला. खजिनदार चाचा म्हणाले, सीगेट नको. चिटणीस म्हणाले, डब्ल्यूडी नको. प्रत्येकाजवळ एक मेलेली डिस्क आणि तिची कहाणी.

मी म्हटले, भांडायला कंपन्या उरल्यात किती? मॅक्सटॉर २००६ मध्ये सीगेटने घेतली, सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदाही २०११ मध्ये तिच्याकडेच गेला. हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. तोशिबा धरून तीनच. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्याकडच्या डिस्कचे आकडे नियमित जाहीर करते. त्यात एकाच कंपनीचे एक मॉडेल वर्षानुवर्षे चालते, दुसरे भराभर जाते. तेव्हा नावाआधी मॉडेल बघा, वॉरंटी दोन वर्षांची की पाच ते बघा.

आणि कोणतीही घेतली तरी ती एक दिवस बंद पडणारच. म्हणून मी तिसरी, बाहेरून जोडायची डिस्क मागितली, तीही दुसऱ्या कंपनीची. रोज संध्याकाळी त्यावर प्रत घ्यायची आणि ती कार्यालयाबाहेर ठेवायची. अध्यक्षांना हा खर्च फुकटचा वाटला. मी विचारले, रोज पन्नास रुपये पिग्मी भरणारी भाजीवाली खाते बघायला आली, तर तिला काय दाखवायचे?

खर्च मंजूर झाला. रोज ती डिस्क घरी कोणी न्यायची, यावर मात्र अजून कुणी तोंड उघडलेले नाही.