सल्ला द्यायचा नाही

संस्थेने शिक्षकांसाठी गटसमुपदेशन ठेवलंय म्हटल्यावर मला वाटलं, आणखी एक प्रशिक्षण : सही, पीपीटी, चहा आणि ग्रुप फोटो. पण तिथे आम्ही नववी-दहावीला शिकवणारे मोजकेच जण गोलात बसलो होतो. समुपदेशक बाईंनी नियम सांगितले : इथलं इथेच राहील, बोलायचं ते स्वतःबद्दल, आणि कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही.

शेवटचा नियम आम्हाला फार जड गेला. कुणी अडलं की उत्तर सांगायचं, ही आमची वर्षानुवर्षांची खोड. गणिताचे एक सर म्हणाले, "हल्ली मुलांची नावंसुद्धा लक्षात ठेवावीशी वाटत नाहीत." लगेच कुणीतरी प्राणायाम सुचवला. बाईंनी थांबवलं, "उपाय नको. आधी ऐकूया." मी मान खाली घातली. सरांचं ते वाक्य माझंही होतं आणि ते मी घरीदेखील बोलले नव्हते.

मग बाईंनी सांगितलं, की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटच्या तीन खुणा दिल्या आहेत : अंगातलं बळ संपणं, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणी सतत राहणाऱ्या, न आवरलेल्या ताणातून येणारी ती अवस्था आहे. इतके दिवस मी स्वतःला आळशी ठरवून बसले होते.

पुढच्या बैठकांत आम्ही ताणांची वाटणी केली. निवडणुकीचं काम कायद्यानेच येतं, ते टळणार नाही. पण रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली माहितीची लिंक तेव्हाच भरायची, गैरहजर शिक्षकांचे ऑफ तास ठरावीक जणांच्याच माथी मारायचे, हे शाळेतच बदलता येण्यासारखं होतं. एका सरांची झोप पार उडाली होती. त्यांना बाईंनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. गटाने सगळंच भागत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं.

रिक्त पदं गोलात बसून भरत नाहीत. वर्गात अजूनही साठ-पासष्ट मुलं आहेत. पण ऑफ तासांचं गाऱ्हाणं घेऊन आमच्या शाळेतले चौघं मुख्याध्यापकांकडे गेलो. मी एकटी गेले असते, तर "मॅडम, जरा अ‍ॅडजस्ट करा," ऐकून परतले असते. चौघं होतो, म्हणून त्यांनी वेळापत्रक पुढ्यात ओढलं.