फुकटचा वारा

आमच्या माजघरात आढ्याला एक शिडाची गुंडाळी कित्येक वर्षं टांगलेली होती. जाड सुती कापड, खाऱ्या पाण्यानं नि उन्हानं तपकिरी पडलेलं, आणि त्यावर ठिगळंच ठिगळं. एक ठिगळ गव्हाच्या पोत्याचं होतं. पोत्यावरची निळी अक्षरं त्यावर उलटी दिसायची. उताणा पडून ती वाचायचा प्रयत्न करणं हा माझा दुपारचा उद्योग. पुढं आईनं त्या शिडाचे तुकडे करून आगोटीला लाकडांच्या माचीवर घातले आणि शीड संपलं.

आजा पडावावर तांडेल होता. पडाव त्याचा नव्हे. नाखवा बाजारपेठेतला व्यापारी, आणि त्याला बोट लागायची, त्यामुळे आपल्या मालकीच्या पडावावर तो फक्त नारळी पौर्णिमेला, तोही बंदरात उभा असताना, नारळ फोडण्यापुरता चढायचा. खाली तांडेल, त्याखाली खलाशी, सगळ्यांत शेवटी भात शिजवणारा पोर. लोक म्हणतात दर्यावर सगळे सारखे. बुडताना असतील. एरवी पडावावर कोण कुठं झोपणार हेसुद्धा ठरलेलं असे.

कौलं, लाकूड, सुकी मासळी घेऊन मुंबईला जायचं, येताना धान्य नि कापड. पहाटे मतलई वाऱ्यावर किनाऱ्यापासून सुटायचं, दुपारी खारा वारा धरायचा, आणि वारा तोंडावर आला की शीड पालटत तिरकी तिरकी वाट कापायची. वारा मिळाला तर चार-पाच दिवसांत मुंबई, नाही तर पंधरा दिवसांतही नाही. डोलकाठीच्या दोराला आजा आजीच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचा. ती कशी फडफडते ते बघून तो वाऱ्याचा नूर सांगे. जुनंच लुगडं का, तर नवं कापड जड, ते हलक्या वाऱ्याला उठत नाही.

शाळेत कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा धडा होता. त्यात ‘दर्यावर्दी’ असा भारदस्त शब्द आला. गुरुजींनी विचारलं, कोणाच्या घरी आहेत दर्यावर्दी? मी हात वर केला. गुरुजी म्हणाले, ‘तुझा आजा खलाशी रे.’ वर्ग हसला. धड्यातला तो दर्यावर्दी आणि आमच्या वाडीतला तो खलाशी. शीड मात्र दोघांचं तेच. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं ज्यांचं शास्त्र सांगत होतं त्यांनी जमिनी, दप्तरं नि शाळा सांभाळल्या. पाण्यावर गेले ते गाबीत, खारवी, भंडारी, कोळी, दालदी. शिडाखाली असणं म्हणजे पायरीनं खाली असणं हे गावात सांगावं लागत नसे. मुलगी देताना कळायचं.

आणि त्याच काळात, त्याच पाण्यात, दुसरी शिडं होती. अपोलो बंदरावर साहेबांचा यॉट क्लब, 1846 साली निघालेला. आताचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब तो हाच. इंग्रजी अमलात तो गोऱ्यांपुरताच. आजाचा पडाव लकडी बंदराकडे वळताना रविवारी ही पांढरी शिडं आडवी यायची. त्यांचं कोडं त्याला मरेपर्यंत सुटलं नाही. ‘खंय जातत? खंयच नाय. भोवतत आनी परत येतत!’ होडीत माल नाही, जाळं नाही, उतारू नाही, तरी चार माणसं घाम गाळून दोर ओढतायत, हे त्याला नवसाच्या पलीकडचं वाटे. पण हेतू नसणं हीच त्यातली ऐट होती. ज्याला वेळ विकावा लागत नाही तोच वारा पडल्यावर शांत बसू शकतो. आजाचा वारा पडला की भाताचं माप कमी व्हायचं.

साठच्या दशकात सोसायटीच्या कर्जावर आमच्या बंदरात इंजिनं आली. आता इथं मी हळवं व्हावं अशी रीत आहे. ‘ती शिडं गेली’ वगैरे. पण सगळ्यांत खूश आजाच झाला होता. ‘वारो काय आपलो गडी नाय, हाक मारली की येवक,’ म्हणायचा. दोरानं कापून त्याच्या तळव्यांवर आडव्या रेघा कायमच्या पडल्या होत्या. शिडाची हळहळ माझी आहे, ज्यानं कधी शिडाचं परबाण चढवलं नाही त्याची. आजाची नव्हे.

गरिबानं टाकलेली वस्तू श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाते, पितळी घंगाळासारखी, तसंच शिडाचं झालं. मजा म्हणजे उलटा प्रयत्नही झाला होता. पोरांच्या शर्यतीची ती चौकोनी नाकाची ऑप्टिमिस्ट होडी क्लार्क मिल्स नावाच्या माणसानं 1947 मध्ये फ्लोरिडात काढली, ती कुणालाही घरच्या घरी प्लायवुडमध्ये स्वस्तात ठोकता यावी म्हणून. आज चांगली ऑप्टिमिस्ट घ्यायला निघालात तर आमच्या वाडीतल्या माणसाचा वर्षाचा हिशेब कोलमडेल. आपल्याकडे ही पायरी थोडीफार मोडली असेल तर ती लष्करानं नि सरकारी केंद्रांनी. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 साली रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी, भोपाळच्या तळ्यात शिकलेली. जिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तिथली. आमच्या किनाऱ्यावरची पोरं त्याच वेळी पर्यटकांना जॅकेटं चढवत नि बनाना बोटी ओढत होती. याचा मला रागही येतो आणि त्यांच्या रोजंदारीचा आकडा ऐकला की बोलतीही बंद होते.

काही वर्षांपूर्वी एका मित्रानं, हा आयटीतला, एका क्लबाचा सभासद, मला शिडाच्या होडीतून न्यायचं ठरवलं. आम्ही पोचलो तेव्हा होडी तयार होती. तयार केली होती गुहागरकडच्या एका माणसानं. पन्नाशीचा, अनवाणी, अंगात क्लबाचं नाव छापलेला टी-शर्ट. शीड पांढरं, कडकडीत, कागदासारखं वाजणारं. त्यावर नंबर, आणि दोन्ही अंगांना चिकटवलेले लोकरीचे दोन धागे, एक लाल, एक हिरवा. ‘हे कशाला?’ मी विचारलं. मित्र इंग्रजीत पाच मिनिटं बोलला. गुहागरकर म्हणाला, ‘दोन्ही धागे सरळ मागं गेले की शीड बरोबर.’

मला लुगड्याची चिंधी आठवली.

सुकाणू मित्राच्या हातात होतं, पण होडी कोण चालवत होता ते कळत होतं. गुहागरकर पाण्यावरची काळसर सुरकुती लांबून बघायचा आणि हलकेच म्हणायचा, ‘आता घ्या, साहेब.’ साहेब घ्यायचा. परतल्यावर मित्र नि मी व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसलो. गुहागरकराचा चहा धक्क्यावर गेला, स्टीलच्या पेल्यात. तसा नियम कुठं लिहिलेला मला दिसला नाही. त्याला बोलावू या, असं मी म्हणालो नाही हेही खरं.

तो खाली शीड घडी घालत होता. खालच्या कडेपासून, एक घडी इकडे, एक तिकडे, मध्ये तळव्यानं वारा दाबून बाहेर काढत. आजा असाच घालायचा. मी मित्राला म्हणालो, ‘आमचा आजा शिडावर होता. मालवण-मुंबई.’

मित्र खुर्चीत पुढं सरकला. ‘काय सांगतोस! कधी बोलला नाहीस. कुठल्या क्लबकडून?’